खड्ड्यातला कोरा आवाज

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी आपणांस अशा एका यंत्राची हकिकत निवेदन करणार आहे, जे अद्याप पूर्णत्वाने जन्मास आलेले नाही, परंतु ज्याची पावले आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचली आहेत. अक्षरास आवाज देणारे हे यंत्र एका प्रॉम्टरच्या, म्हणजे नटांना आडून वाक्ये पुरविणाऱ्या मनुष्याच्या हाती पडले असता काय घडले, त्याने काय गमावण्याची तयारी केली आणि त्यास काय लाभले, हे येथे यथाक्रम सांगण्यात येईल. मध्ये विज्ञानाचे दोन परिच्छेद येतील. ते वाचकांनी ओलांडून जाऊ नयेत, अशी नम्र विनंती आहे. कारण पुढील सर्व प्रसंग त्यांच्याच खांद्यांवर उभे आहेत.

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातील धानाचा, बोड्यांचा म्हणजे लहान तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळी आटोपली की तेथे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक झाले नाही तर ते गाव वर्षभर सोयऱ्याधायऱ्यांपुढे मान वर करीत नाही. हजारोंचा समुदाय उघड्या मैदानात बसतो आणि दिवस उगवेपर्यंत हलत नाही. ही नाटके पुरविणाऱ्या मंडळ्यांचे माहेरघर वडसा. हंगामात मंडळी आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी. आज एक नाटक तर उद्या वेगळे. पाठांतरास सवड कोठून मिळणार? म्हणून नटांनी वाक्ये पाठ करावयाची नाहीत, ती प्रॉम्टरने पुरवावयाची, अशी तेथील जुनी रीत. रंगमंचाच्या पुढल्या कडेशी एक कंबरभर खोल खड्डा असतो. त्यात संहिता घेऊन बसलेला प्रॉम्टर नटाच्या तोंडी शब्द यावयाच्या अर्धा श्वास आधी तो शब्द त्याच्याकडे फेकतो. नवतारा नाट्यमंडळीत या कृतीस ‘वाक्य टाकणे’ म्हणत.

नवताराचा प्रॉम्टर दुधराम बगमारे. अर्धे आयुष्य त्याने खड्ड्यात काढले होते. त्याच्या विद्येचे दोन नियम होते. पहिला असा की, टाकलेले वाक्य कोरे असावे. त्यात हसू नको, रडू नको, संताप नको. नट जे ऐकतो तेच बोलतो. प्रॉम्टरनेच गळा काढला तर नट काय काढणार? दुसरा नियम त्याहून कडक. रंगमंचावर शांतता झाली की वाक्य टाकायचेच. शांतता म्हणजे नट विसरला, आणि नट विसरला म्हणजे प्रॉम्टरची अब्रू गेली.

मंडळीची नायिका देवांगना. तिच्या नावावर मैदाने भरत. आपण वाचून पाठ करीत नाही, दुधरामदादांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपणांस भूमिका उमगत नाही, असे ती सर्वांना सांगे, आणि मोठ्या नटीचा लहरीपणा म्हणून लोक ते मान्य करीत. खरी गोष्ट फक्त दुधरामला ठाऊक होती. देवांगनाला अक्षरओळख नव्हती. लहानपणी आईबापांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जाताना तिची शाळा सुटली ती सुटलीच. दुधराम वाचीत असे आणि ती बोलत असे. दोघांत मिळून डोळ्यांची एकच जोडी होती.

ती जोडी एका उन्हाळ्यात निकामी झाली.

मोहफुले वेचण्याचे दिवस होते. जुन्या संहिता चाळीत बसला असता दुधरामला जाणवले की, ज्या शब्दाकडे पाहावे तोच नाहीसा होतो. कडेचे दिसतात, मधला दिसत नाही. पत्नी वच्छला समोर आली तर तिच्या कानांतल्या कुड्या दिसल्या, नाक दिसले नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, डोळ्यातील पडद्याचा मध्यभाग झिजला आहे. चालणेफिरणे होईल, वाचन मात्र यापुढे होणार नाही. परतताना बसमध्ये वच्छला म्हणाली की, इतकी वर्षे खड्ड्यात बसून तुम्ही लोकांचे पायच तर पाहिले, ते तर अजून दिसतात. तिने हे हसविण्यासाठी म्हटले होते आणि तो हसलाही. परंतु वडसा येईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

मंडळीचा मालक यादोराव नाकाडे हा स्वतः खलनायकाची कामे करी. मनुष्य दुष्ट नव्हता. मंडळी हाकणाऱ्यास जितके कठोर व्हावे लागते तितकाच तो होता. घरी येऊन, पाणी पिऊन, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने मुद्द्यास हात घातला.

“दुधराम, मंडईवरी वाट पाहीन. तवा खड्ड्यात बसता आलं तर जागा तुझीच. नाई तर मले दुसरा माणूस पाहावा लागन.” मग पायताण घालता घालता तो थांबला. “देवांगनाबाईले किती मंडळ्यांनी बोलावलं, तुले माहीत आहे. गेली का? नाई. काहून, तर तिले तुझ्याच तोंडचं वाक्य लागते. तू गेला तर बाई जाते. हे ध्यानात ठेवजो.”

दुधरामने ते ध्यानात ठेवले. आणि पुढे तेच त्याच्या वाटेत काट्यासारखे आडवे आले.

वडशातच अंताराम लांजेवार नावाचे जन्मांध गृहस्थ अंधांना संगणक शिकवीत. वच्छलाने दुधरामला त्यांच्या दारात नेऊन उभे केले. अंताराम वयाने धाकटे होते, परंतु जीभ थोरली होती. डोळसपणी म्हातारा झालेला विद्यार्थी म्हणजे ओले लाकूड, पेटायच्या आधी धूरच फार करते, असे त्यांनी स्वागतालाच ऐकविले, आणि दुधरामचा हात धरून कीबोर्डवर ठेवला.

“डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातलं शेवटचं बटण. हे कंट्रोल. हे यंत्राले गप्प करते. पैले हे शिका.”

ज्याला बोलते करण्यासाठी आपण येथवर आलो त्याला आधी गप्प कशासाठी करायचे, असे दुधरामने विचारले.

“बंडी हाकता ना भाऊ? थांबवता येत नसन तर बंडीत बसता काय?” अंताराम म्हणाले. “हे बोलू लागलं की थांबत नाई. ज्याले गप्प करता येत नाई तो याचा गडी होते. ज्याले येते तो मालक.”

अशा रीतीने पहिला दिवस गप्प करण्यातच गेला. यंत्र बोले, दुधराम बटण दाबी, यंत्र थांबे. दुसऱ्या दिवशी बोटांनी दोन उंचवटे शोधले. कीबोर्डच्या मधल्या ओळीतील दोन बटणांवर ते असतात आणि त्यांवर तर्जनी टेकली की बाकीची बोटे आपापल्या घरी जातात. मग खालच्या बाणाने एकेक ओळ ऐकणे, आडव्या बाणाने एकेक अक्षर ऐकणे, चुकलेले अक्षर पुसणे. संगणकाचा पडदा अंतारामांनी बंदच करून टाकला होता; डोळ्याची कड पडद्याकडे पळते आणि कान आळशी होतो, असे त्यांचे म्हणणे. ज्या दिवशी दुधरामने स्वतःचे नाव टंकले आणि यंत्राने ते स्वच्छ उच्चारून दाखविले, त्या दिवशी तो इतका हर्षित झाला की घरी येऊन त्याने अंतारामांकडून सरावासाठी आणलेल्या संगणकावर वच्छलाचेही नाव टंकून तिला ऐकविले. घरात एक बोलणारा होता तोच पुष्कळ होता, असे ती म्हणाली. परंतु संध्याकाळी शेजारणीला बोलावून तिने ते पुन्हा म्हणावयास लाविले.

आता विज्ञान. लिहिलेले अक्षर हे मुके असते. यंत्र प्रथम त्या अक्षराचे ध्वनीत रूपांतर करते. मग वाक्य कोठे तुटते, कोठे श्वास घ्यावयाचा, कोणता शब्द उंच व कोणता लांब म्हणावयाचा, हे ठरविते. आणि शेवटी हवेत जशा लहरी उमटाव्यात तशा लहरींचा आराखडा करून तो ध्वनिवर्धकाकडे पाठविते. जुन्या यंत्रांचा आवाज याच कारणाने पत्र्यासारखा येई. त्यांस ध्वनी ठाऊक होते, अर्थ ठाऊक नव्हता. आमच्या कथेच्या काळात ‘बोलका’ नावाचा जो वाचनकार्यक्रम निघाला, त्याने ही उणीव भरून काढली. लाखो माणसांची बोलणी ऐकून तो अर्थावरून भाव ओळखू लागला. विनोद तो हसून वाची आणि मृत्युवार्ता दाटल्या कंठाने.

बोलक्याची दुसरी किमया याहून मोठी होती. तो वाचताना ऐकतही असे. रंगमंचावर लहानसा माइक लाविला की नटाच्या तोंडचे शब्द तो संहितेशी ताडून पाही, नट कोठवर आला हे ओळखी, आणि पुढील वाक्य नेमक्या वेळी प्रॉम्टरच्या कानामागील हाडावर टेकविलेल्या बटणाएवढ्या यंत्रातून सोडी. हाडातून गेलेला आवाज दुसऱ्यास ऐकू जात नाही आणि दोन्ही कान मोकळे राहतात. संहितेतील जागा हरविण्याचे भय त्यामुळे उरले नाही. नट थांबला की बोलका ते वाक्य पुन्हा म्हणे, अधिक मोठ्याने म्हणे. शांतता म्हणजे विस्मरण, हे समीकरण त्याच्याही पोटात भरलेले होते.

त्या वर्षाच्या नव्या नाटकाचे नाव होते ‘वाळूत लिहिले सौभाग्य’. तालीम यादोरावच्या वाड्यामागील धानाच्या शेडमध्ये सुरू झाली. दुधराम खड्ड्याच्या जागी ठेवलेल्या पाटावर बसला, मांडीवर कीबोर्ड घेतला, कानामागे बटण लाविले, आणि पहिले वाक्य बोलक्याकडून त्याच्याकडे व त्याच्याकडून यादोरावकडे गेले. अर्धे आयुष्य जे आले ते टाकण्याची दुधरामला सवय. अर्धे आयुष्य जे पडले ते उचलण्याची यादोरावला सवय. शेडचे पत्रे हादरतील अशा आवाजात यादोराव गर्जला:

“सुभद्रे, तुझ्या घराची राख करीन, उद्गारचिन्ह, कंसात, मिशीला पीळ देत!”

सुभद्रेचे काम करणारी देवांगना तोंडाला पदर लावून खाली बसली. तबलजी तबल्यावर आडवा झाला. मिशीला पीळ देण्यासाठी यादोरावचा हात खरोखरच वर गेला होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी अंतारामांनी युक्ती सांगितली आणि विरामचिन्हे व कंसातला मजकूर वगळून वाचण्याची आज्ञा यंत्रास देण्यात आली.

तिसऱ्या तालमीस मात्र कोणास हसू आले नाही. सुभद्रेस नवरा बुडाल्याची वार्ता कळते, तो प्रवेश होता. बोलक्याने ती वाक्ये इतक्या करुणेने वाचली की दुधरामचा गळा भरून आला. त्याचे वाक्य ओले पडले. देवांगनाने ते ओलेच उचलले आणि वार्ता कळण्यापूर्वीच ती रडू लागली. ते ऐकून यादोराव, ज्याने मनात हसावयाचे होते, त्याच्याही स्वरात कंप आला. सगळे नाटक पाणी पाणी झाले. यादोरावने तालीम थांबवून सर्वांस चहा सांगितला. दुधरामला त्याचा अर्थ समजला. मालक दुसऱ्या प्रॉम्टरचा विचार करू लागला होता.

हे ऐकून अंताराम पोट धरून हसले. तो भावनेचा आवाज आम्ही आंधळे वापरीतच नाही, तो डोळस पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला आहे, असे ते म्हणाले. आणि बोलक्याच्या तळाशी पडलेला एक जुना, सपाट आवाज त्यांनी शोधून काढला. अंधमंडळी त्यास लाडाने ‘पत्र्या’ म्हणत. पत्र्याला हसू येत नाही की रडू येत नाही. त्याचा वेग कितीही वाढवा, शब्द फुटत नाही. गोड आवाज वेगात विरघळतो, पत्र्या उभा राहतो. दुधरामने तो ऐकला आणि पुन्हा एकदा लावावयास सांगितले. विद्वानांनी जुना म्हणून मागे टाकलेला तो आवाज हुबेहूब त्याच्या जातीचा होता. कोरा.

त्यानंतर तालीम रुळावर आली. दुधराम वेग वाढवीत गेला. नट एक वाक्य बोले तोवर पत्र्या पुढील दोन वाक्ये त्याच्या कानामागे ठेवून मोकळा होई, आणि दुधराम त्यांतून हवे ते हव्या क्षणी टाकी. डोळे असताना तो ओळीच्या मागे धावत असे, आता ओळ त्याच्यासाठी थांबू लागली. मंडईचा प्रयोग तूच करशील, असे यादोरावने स्वतः येऊन सांगितले.

येथे दुसरी कोणतीही कथा संपली असती. परंतु त्याच आठवड्यात देवांगना पदराखाली सीताफळांची टोपली घेऊन दुपारची दुधरामच्या घरी आली. वच्छला पाणी आणावयास आत जाताच तिने हलक्या स्वरात विचारले की, ते यंत्र तुम्हांला वाचून दाखविते तसे मला दाखविणार नाही का.

दुधरामच्या मनात यादोरावचे शब्द उभे राहिले. बाई आहे ती तुझ्यामुळे. तिने स्वतः ऐकावयास आरंभ केला तर तिला त्याचे तोंड कशास लागेल? ती कोठेही जाईल, कोणत्याही मंडळीत शोभेल. आणि ती गेली की कडेचे तेवढे दिसणाऱ्या म्हाताऱ्याला कोण बसविणार आहे खड्ड्यात? यंत्र मोठे किचकट आहे, शिकताना डोके दुखते, आणि मी असताना तुला त्याची गरज काय, असे तो म्हणाला. तिने मान हलविली. टोपली ठेवून ती गेली.

वच्छलाने आतून सगळे ऐकले होते. सीताफळे कोनाड्यात ठेवता ठेवता ती इतकेच म्हणाली, “अंताराम गुरुजींनी तुमाले असं म्हटलं असतं तर?”

पुढील दोन दिवस तालमीत त्याचे वाक्य बिनचूक पडत होते आणि देवांगना ते बिनचूक उचलत होती, आणि दोघे एकमेकांशी एक अवांतर शब्द बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी टोपली नव्हती. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“तुमचे डोळे आता गेले, दादा. माझे तर कधी उघडलेच नाई. तुमी एका उन्हाळ्यात किती तडफडले ते मी पाह्यलं. मी तशीच आहे, लहानपणापासून.”

दुधराम उठला. त्याने तिला संगणकासमोर बसविले, तिचा डावा हात धरला आणि कोपऱ्यातील बटणावर ठेवला.

“हे कंट्रोल. हे यंत्राले गप्प करते,” तो म्हणाला. “पैले हे शिक.”

मराठी ऐकण्यासाठी तिला काही शिकावयाचे नव्हते. बटणे तेवढी शिकावयाची होती, आणि ज्या बाईने हजारो वाक्ये नुसती ऐकून उचलली तिच्या बोटांस ती केव्हाच वश झाली. मग एका दुपारी, वच्छलाच्या धान साठविण्याच्या ढोलीमागे बसून, तिने ‘वाळूत लिहिले सौभाग्य’ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने ऐकले. आयुष्यात प्रथमच तिने एक संपूर्ण नाटक ऐकले होते. आजवर तिला स्वतःची वाक्ये तेवढी कळत. आपण रंगमंचावर नसताना कथेत काय घडते, ते ती लोकांच्या टाळ्यांवरून ताडीत असे.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

“दादा, हा नवरा बुडलाच नवता. त्याले सगळं माहीत होतं. तिसऱ्या अंकात भावासंगं बसून त्यानंच ठरवलं.”

होय, असे दुधराम म्हणाला. सुभद्रेचा थोरला दीर जमीन बळकाविण्यासाठी भाऊ नदीत बुडाल्याची आवई उठवितो, आणि भाऊ आपला वाटा घेऊन गुपचूप परगावी राहतो. पैसा सरल्यावर परत येतो. शेवटच्या अंकात पंचांसमोर सुभद्रेस विचारले जाते, हा तुझा नवरा आहे काय, आणि ती म्हणते, हो, हाच माझ्या कुंकवाचा धनी.

“मले कोनी सांगितलं नाई.”

“त्या प्रवेशात तू नाईस, देवांगना.”

“पण नवरा तर माझाच ना,” ती म्हणाली.

सर्व नाटक जाणणारा मंडळीत तो एकटाच होता, आणि ते दुसऱ्या कोणास सांगावे असे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते.

मोहटोल्याच्या मंडईत मैदान दृष्टी पोचेल तेथवर भरले होते. दृष्टी कोठवर पोचत होती हे दुधरामला सांगता आले नसते. परंतु माणसांची ऊब त्याला खड्ड्यात लागत होती. पहिला अंक, दुसरा अंक निर्विघ्न गेला. तिसऱ्या अंकातील कारस्थानावर बायकांनी दोन्ही भावांच्या नावाने बोटे मोडली. देवांगनासाठी वाक्य टाकण्याची वेळ क्वचितच आली. ती अर्ध्या श्वासापूर्वीच पुढे गेलेली असे. दुधरामला प्रत्येक वेळी आनंद होई आणि प्रत्येक वेळी काळजात काहीतरी रुते.

शेवटचा अंक लागला तेव्हा पूर्वेकडे आभाळ फिकट होऊ लागले होते. पंच बसले. नवरा मान खाली घालून उभा राहिला. खलनायकाच्या वेषातील यादोराव खड्ड्याच्या अगदी कडेशी येऊन दरडावला, “सांग सुभद्रे, हा तुझा नवरा आहे काय?”

देवांगना बोलली नाही.

पत्र्याने वाक्य दिले. हो, हाच माझ्या कुंकवाचा धनी. दुधरामचे ओठ उघडले. अर्ध्या आयुष्याची सवय ती. पत्र्याने पुन्हा दिले, मोठ्याने दिले. रंगमंचावर शांतता होती, आणि शांतता म्हणजे विस्मरण, असे यंत्रही म्हणत होते आणि हाडेही म्हणत होती. यादोरावने टाच आपटली. ती खूण खड्ड्यासाठी होती: टाक. पत्र्या तिसऱ्यांदा बोलला. दुधरामला कळत होते की, हे वाक्य पडले नाही तर उद्या सर्व झाडीपट्टी म्हणेल, आंधळा प्रॉम्टर बसविला आणि नाटक बुडाले. त्याची जागा या एका वाक्यावर टांगलेली होती.

त्याचा डावा हात मांडीवरील कीबोर्डच्या कोपऱ्याकडे गेला. त्याने कंट्रोल दाबले.

पत्र्या गप्प झाला. त्या अकस्मात पसरलेल्या निवांतपणात दुधरामला प्रथमच वर उभ्या असलेल्या बाईचा श्वास ऐकू आला. विसरलेल्या नटाचा श्वास वर अडकतो. तो त्याने आयुष्यभर ऐकला होता. हा श्वास खाली, खोल, सावकाश चालला होता. ती काही शोधीत नव्हती. ती त्या माणसाकडे पाहत होती, आणि हजारो लोक तिच्याबरोबर त्याच्याकडे पाहत होते.

यादोरावने पुन्हा टाच आपटली. दुधराम ओठ मिटून बसून राहिला.

मग बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारा आवाज अगदी स्पष्ट आला, “बोलू नोको वं बाई. उभा राहू दे त्याले.”

मैदानावरून वारा जावा तसा हुंकार गेला. आणि तो विरल्यावर देवांगना बोलली. संहितेतीलच वाक्य, एक अक्षर इकडचे तिकडे नाही. “हो. हाच माझ्या कुंकवाचा धनी.” परंतु एवढ्या शांततेतून चालत आलेले ते वाक्य नवऱ्याच्या अंगावर असे पडले की तो नट, ज्याने नुसते उभे राहावयाचे होते, खरोखरीच गुडघ्यांवर बसला.

टाळ्यांचा कडकडाट उठला, आणि त्यातून झाडीपट्टीचा लाडका पुकारा आला, “वन्स मोअर!” वन्स मोअर गाण्याला मिळतो, शेराला मिळतो, तडफदार वाक्याला मिळतो. येथे लोक काय मागत होते हे रंगमंचावर कोणासच कळेना. देवांगनाला कळले. ती दोन पावले मागे गेली आणि तिने यादोरावकडे पाहिले. त्याने गोंधळून प्रश्न पुन्हा विचारला. ती पुन्हा गप्प उभी राहिली. मैदान पुन्हा तिच्यासह गप्प झाले. आणि खड्ड्यातील दुधरामने पुन्हा काहीही टाकले नाही. न बोललेल्या वाक्याला मिळालेला वन्स मोअर त्या मुलखात तोवर कोणी ऐकिला नव्हता.

पडदा पडला तेव्हा उजाडले होते. यादोराव खोटी मिशी हातात घेऊन खड्ड्यापाशी आला. मी दोनदा टाच आपटली, ऐकू आले नाही काय, असे त्याने विचारले. ऐकू आले, असे दुधराम म्हणाला.

“मंग वाक्य काहून नाई टाकलं? टाकायचं नसन तर खड्ड्यात बसून तुझा उपयोग काय?”

देवांगना मागून आली होती. कपाळावरचे कुंकू घामाने पसरले होते. ती खड्ड्याच्या कडेशी पाय सोडून, दुधरामच्या खांद्याला खांदा लागेल अशी बसली.

“वाक्य टाकणारे लय भेटतीन, मालक,” ती म्हणाली. “न टाकणारा हा एकच आहे. मी जिथं उभी राहीन तिथं खड्ड्यात दादा बसतीन. चालत असन तर मी नवताराची. आनि एक गोष्ट, मले वाचता येत नाई. कधीच येत नवतं. आता ऐकता येते, म्हणून पुढच्या सालचं नाटक मी ऐकून निवडीन.”

यादोरावने एकदा तिच्याकडे व एकदा दुधरामकडे पाहिले. मग तो हातातील मिशीकडे पाहून हसू लागला आणि म्हणाला की, ठीक आहे, परंतु त्या नाटकातही मला असे टाच आपटीत उभे ठेवावयाचे असेल तर आधी सांगून ठेवा.

त्या आठवड्यात मंडळीतील तिघे जण, एकमेकांना न सांगता, वेगवेगळ्या वाटांनी दुधरामच्या घरी आले. एकाने सीताफळे आणली होती, दुसऱ्याने नुसतीच मान खाली घातली होती. तिसरा, ज्याने नवऱ्याचे काम केले होते, बराच वेळ हवापाण्याविषयी बोलत राहिला. दुधरामने कोणालाही काही विचारले नाही. प्रत्येकाचा डावा हात धरून त्याने तो कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यावर ठेविला, आणि पहिला धडा सांगितला.

वाचकहो, कथा येथे पूर्ण झाली. विज्ञानाची जी माहिती मी दिली ती माझ्या अल्प बुद्धीनुसार दिली आहे. उणे असेल ते जाणत्यांनी सुधारून घ्यावे. आपण आपला अमोल वेळ या पानांवर खर्चिलात, आणि जे डोळ्यांनी न वाचता कानांनी ऐकत येथवर आले असतील त्यांनी अद्याप कंट्रोलचे बटण दाबिले नाही, याबद्दल मी सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
केवळराम सोनबाजी खुणे